सिव्हिलचं शेवटचं वर्ष: विषयाचं नाव नको, कामाचा दिवस बघा

सातवं सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी एक दिवस वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फॉर्मची लिंक येते. 'उद्या संध्याकाळी पाचपर्यंत इलेक्टिव्ह भरा.' खाली चार-पाच विषयांची भारदस्त नावं असतात. मग ग्रुपवर तेच जुने प्रश्न सुरू होतात. सोपं कुठलं? मार्क कोण देतं? मागच्या वर्षी केटी कशात कमी लागल्या? आणि रात्री अकराच्या सुमारास निम्मा वर्ग एकच विषय भरून मोकळा होतो.

तुम्ही सिव्हिल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या उंबरठ्यावर असाल, तर हे चित्र तुमच्या ओळखीचं असेल. तुम्ही अशा मुलाचे किंवा मुलीचे आई-बाबा असाल, तर या फॉर्मबद्दल तुम्हाला बहुतेक कळलंही नसेल. बारावीनंतर शाखा निवडताना सगळं घर जागं होतं. इलेक्टिव्ह मात्र बसस्टॉपवर उभ्या उभ्या मोबाईलवर ठरतो.

हा निर्णय आयुष्यभराचा आहे असं म्हणून मी तुम्हाला घाबरवणार नाही, कारण तो तसा नाही. डिग्रीवर 'सिव्हिल इंजिनिअरिंग' एवढंच लिहिलेलं असतं. तरी एका विषयाला आठवड्याला ३ तास धरले, तर सेमिस्टरचे होतात ४० ते ४५ तास. असे तीन-चार विषय आणि त्यांच्या जोडीला वर्षभराचा प्रोजेक्ट. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आपल्या पसंतीने खर्च करायला मिळणारा हा पहिलाच मोठा वेळ. तो अर्ध्या तासात उधळायचा का?

त्यासाठी एकच सल्ला आहे आणि पुढचा सगळा लेख त्याबद्दल आहे. विषयाचं नाव बाजूला ठेवा. तो विषय शिकलेला माणूस सकाळी दहा ते संध्याकाळी सहा काय करतो, ते बघा. तो दिवस तुम्हाला जगावासा वाटतो का, हे स्वतःला विचारा.

आधी फॉर्म समजून घ्या

शेवटच्या वर्षात साधारण दोन प्रकारचे ऐच्छिक विषय असतात. एक प्रोफेशनल इलेक्टिव्ह, म्हणजे सिव्हिलमधलेच पण पुढच्या पातळीचे विषय. दुसरा ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या शाखेचा किंवा सर्वांसाठी खुला असलेला विषय, जसं फायनान्स, उद्योजकता किंवा डेटाशी संबंधित काही.

प्रोफेशनल इलेक्टिव्ह बहुतेक ठिकाणी गटांत दिलेले असतात. एका गटातून एकच विषय घेता येतो. त्यामुळे कधीकधी तुम्हाला आवडणारे दोन विषय नेमके एकाच गटात येतात आणि एक सोडावा लागतो. म्हणून एकेक गट सुटा न बघता दोन्ही सेमिस्टरचे सगळे गट एका कागदावर लिहा. या वर्षी सोडलेल्या विषयाच्या जवळचा विषय पुढच्या सेमिस्टरला मिळतोय का, हे लगेच दिसतं.

आणखी एक गोष्ट सीनियर्स सांगतात, पण फॉर्मवर लिहिलेली नसते. पुरेशी मुलं आली नाहीत तर कॉलेज तो विषय चालवत नाही आणि तुमची दुसरी पसंती लागू होते. त्यामुळे दुसरी पसंतीही पहिलीइतकीच विचार करून भरा. तुमचा आवडता विषय थोडक्यात हुकेल असं वाटत असेल, तर वर्गात विचारून पाहा. तुमच्यासारखे आणखी आठ-दहा जण गप्प बसलेले असू शकतात. एकत्र जाऊन विभागप्रमुखांना भेटलात तर विषय चालूही होतो.

आता वळूया कामाच्या दिवसाकडे.

स्ट्रक्चरल: कॉम्प्युटरसमोरचा दिवस

सगळ्यात जास्त गर्दी इथेच होते. अॅडव्हान्स्ड आरसीसी डिझाइन, प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट, भूकंप अभियांत्रिकी, पूल असे विषय यात येतात. या माणसाचा दिवस डिझाइन ऑफिसात जातो. इमारतीचं मॉडेल बनवायचं, त्यावर भार टाकायचे, आलेली उत्तरं आयएस कोडशी ताडून पाहायची, ड्रॉइंग तपासायचं. मधूनच साईटवरून फोन येतो, 'साहेब, इथे सळया दाटीने आल्यात, काँक्रीट उतरत नाही. काय करू?'

काम बैठं आहे, पण जबाबदारी बैठी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपाचं केंद्र कच्छमध्ये होतं, तरी दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादमधल्या बहुमजली इमारती पडल्या. खाली पार्किंगसाठी मोकळे खांब आणि वर जड मजले, अशी रचना किती धोक्याची ठरू शकते हे तेव्हा देशाने पाहिलं.

भूकंप अभियांत्रिकीत काय शिकवतात याची छोटी चुणूक हवी असेल तर जवळच्या बांधकामावर जा आणि कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगा बघा. आयएस १३९२० सांगतं की रिंगचं टोक १३५ अंशांत आत वळलेलं हवं, म्हणजे हादऱ्यात रिंग उघडत नाही. ९० अंशांत वाकवून सोडलेल्या रिंगा दिसल्या आणि तुम्हाला अस्वस्थ वाटलं, तर हा विषय तुमचा आहे. तिसऱ्या वर्षाचं स्ट्रक्चरल अॅनालिसिस तुम्हाला नकोसं झालं असेल, तर मात्र केवळ गर्दी बघून इकडे येऊ नका.

जिओटेक्निकल: मातीत हात घालायचा दिवस

या माणसाचा दिवस बोअरिंगच्या मशीनजवळ सुरू होतो. ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पाडायचा आणि नळी ३० सेंटीमीटर आत जायला किती ठोके लागले ते मोजायचं. ही स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट. मग नमुने प्रयोगशाळेत नेऊन त्यांचा रिपोर्ट तयार करायचा. त्याच रिपोर्टवर कोणाच्या तरी घराचा पाया ठरतो.

विदर्भ-मराठवाड्यातल्या किंवा माळव्यातल्या वाचकांना काळ्या मातीबद्दल वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि त्यासोबत घराच्या भिंतींनाही. या जमिनीसाठी खालच्या टोकाला कंदासारखा फुगीर असलेला अंडर-रीम्ड पाईल रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केला.

जम्मू-काश्मीरमधला चिनाब पूल तुम्ही फोटोत पाहिला असेल. नदीपात्रापासून ३५९ मीटर उंच, ६ जून २०२५ ला उद्घाटन झालेला. फोटोत दिसते ती पोलादी कमान. पण कमान ज्या डोंगरउतारांवर टेकली आहे, ते उतार जागचे हलू नयेत यासाठी वर्षानुवर्षं काम चाललं. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापक जी. माधवी लता या कामात जिओटेक्निकल सल्लागार होत्या. या शाखेतलं काम बहुतेकदा असंच जमिनीखाली राहतं. टाळ्या वरच्या बांधकामाला मिळतात. ते चालत असेल तर यात मन रमेल.

वाहतूक: रस्त्यावरचा दिवस

चौकात उभं राहून दर १५ मिनिटांना किती दुचाकी, किती रिक्षा, किती ट्रक गेले याची मोजणी करायची. ते आकडे ऑफिसात नेऊन सिग्नलची वेळ, वळणाची रुंदी, रस्त्याची जाडी ठरवायची. डांबरी रस्ता असेल तर खडी-डांबराच्या मिश्रणाच्या चाचण्या करायच्या. काँक्रीटचा असेल तर सांधे कुठे द्यायचे ते बघायचं.

रस्ता म्हणजे खडी टाकून रोलर फिरवणं, असं वाटत असेल तर २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आठवा. तिथे घाटातला चढ, वळणांची त्रिज्या, बोगदे, पाण्याचा निचरा असं सगळं आधी कागदावर मांडावं लागलं. शहरांत मेट्रो, उड्डाणपूल, पादचाऱ्यांचे रस्ते यांचा विचार याच विषयात होतो. आपल्या शाळेसमोर स्पीडब्रेकर नेमका कुठे हवा, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी हा विषय नीट बघावा.

जलसंपदा: पावसाच्या आकड्यांचा दिवस

या माणसासमोर जुन्या पावसाच्या नोंदी असतात, नकाशे असतात आणि एक प्रश्न असतो. इतका पाऊस पडला तर पाणी कुठपर्यंत येईल? धरणं, कालवे, पूररेषा, शहरातले नाले हे सगळं याच टेबलावर येतं. नद्यांच्या पुराचा अभ्यास करण्यासाठी हेक-रास, नकाशांसाठी क्यूजीआयएस अशी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. त्यामुळे घरी बसून हात साफ करायला हा विषय चांगला.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल पुरात वाहून गेला, सोबत एसटीच्या दोन बसही गेल्या. हवामान बदलाच्या काळात हे काम कमी होणार नाही.

आणि परंपरा म्हणाल तर ती थेट विश्वेश्वरय्यांपर्यंत जाते. पुण्यात इंजिनिअरिंग शिकलेल्या या माणसाने १९०३ मध्ये खडकवासल्याला पाण्याच्या पातळीनुसार आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. आपण १५ सप्टेंबरला अभियंता दिन साजरा करतो तो त्यांच्याच जन्मदिवशी.

पर्यावरण: नमुन्याच्या बाटलीचा दिवस

शुद्ध पाणी घरात येणं आणि घाण पाणी साफ होऊन बाहेर जाणं, ही दोन कामं. जलशुद्धीकरण केंद्र, सांडपाणी प्रक्रिया केंद्र, घनकचरा, हवेचं प्रदूषण हे विषय यात येतात. रसायनशास्त्र आणि थोडं जीवशास्त्र यांच्याशी वैर नसावं. या कामात घाई चालत नाही. सांडपाण्याची बीओडी चाचणी २७ अंशांवर ३ दिवस किंवा २० अंशांवर ५ दिवस चालते. जीवाणू आपल्या डेडलाईनसाठी धावत नाहीत.

२०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनचं उद्दिष्ट ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचं आहे. नळ बसवणं एक दिवसाचं काम. त्यात रोज, पुरेसं आणि शुद्ध पाणी येत राहील हे बघणारे लोक मात्र कायम लागतात.

माझ्या मावसबहिणीला हा विषय घ्यावा की नाही, ते ठरत नव्हतं. ती एका शनिवारी त्यांच्याच सोसायटीच्या तळघरातल्या एसटीपीवर गेली. ब्लोअरचा आवाज आणि तो वास, दोन्हीने आधी तिची परीक्षा घेतली. मग ऑपरेटर काकांनी एक लिटरच्या उभ्या नळकांड्यात गढूळ पाणी भरून ठेवलं. अर्ध्या तासात गाळ खाली बसला आणि वर पाणी निवळलं. गाळ किती बसतो त्यावरून टाकीची तब्येत कळते, असं त्यांनी सांगितलं. रात्री जेवताना ती वासाबद्दल एक वाक्य बोलली आणि नळकांड्याबद्दल वीस. तिचा फॉर्म तिथेच भरला गेला, असं मला वाटतं. तुम्हीही हे लक्षात ठेवा. घरी येऊन तुम्ही कशाबद्दल बोलत राहता?

बांधकाम व्यवस्थापन: माणसांचा दिवस

सकाळी मजूर किती आले, सिमेंट किती आहे, पंप चालू आहे का, इथून दिवस सुरू होतो. दुपारी कंत्राटदाराचं बिल तपासायचं, संध्याकाळी उद्याचं वेळापत्रक. काँक्रीट ओतलं की १५० मिलिमीटरचे क्यूब भरून ठेवायचे आणि ७ व २८ दिवसांनी ते मशीनवर फोडून ताकद तपासायची. अंदाजपत्रक, करार, सुरक्षितता, प्रायमाव्हेरासारखं वेळापत्रकाचं सॉफ्टवेअर हे सगळं यात येतं.

'हे तर साईटवर आपोआप कळतं' असं काही जण म्हणतात. काही भाग कळतोही. पण २०१६ च्या रेरा कायद्यानंतर कागदाचं वजन वाढलं आहे. घर घेणाऱ्यांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात आणि काम किती झालं याचं प्रमाणपत्र इंजिनिअर, आर्किटेक्ट आणि सीए यांनी दिल्यावरच ते काढता येतात. त्या सहीमागे कोणाच्या तरी वडिलांची पीएफची रक्कम असते. माणसांशी बोलायला आवडतं, आवाज चढवल्याशिवाय काम करून घेता येतं आणि हिशोबात चोख आहात, तर हा विषय तुम्हाला शोभेल.

ही कारणं असतील तर जरा थांबा

'मार्क सोपे आहेत.' सीजीपीए महत्त्वाचा आहे, विशेषतः तो एखाद्या कटऑफच्या काठावर असेल तर. तसं असेल तर एक विषय मार्कांसाठी घ्या, त्यात गैर काही नाही. पण सगळेच विषय त्यासाठी घेतले, तर मुलाखतीत 'तुमचा आवडता विषय कुठला?' या प्रश्नावर तोंडाला कोरड पडते.

'मित्र घेतायत.' नोट्स वाटून घ्यायला मित्र लागतात, हे खरं. पण नोकरीत तो मित्र शेजारच्या टेबलावर नसेल.

'याला स्कोप आहे.' सिव्हिलमध्ये सुरुवातीचा पगार आयटीच्या मानाने बहुतेकदा कमीच असतो आणि एका इलेक्टिव्हने त्या आकड्यात मोठा फरक पडत नाही. फरक पडतो तो कोणत्या दारातून आत जाता यात. शैक्षणिक कर्जाचा हप्ता लवकर सुरू होणार असेल तर गेल्या दोन वर्षांत तुमच्या कॉलेजात कोणत्या प्रकारच्या कंपन्या आल्या, हे प्लेसमेंट ऑफिसात जाऊन विचारा. तुमच्यासाठी स्कोप म्हणजे ती यादी.

'यात सॉफ्टवेअर शिकवतात.' ईटॅब्स किंवा स्टॅड प्रो दोन महिन्यांच्या क्लासमध्येही शिकता येतं. विषयातून मिळते ती वेगळी गोष्ट, कॉम्प्युटरचं उत्तर चुकलंय हे ओळखण्याची नजर. सगळ्या कॉलमखालच्या प्रतिक्रियांची बेरीज इमारतीच्या एकूण वजनाइतकी येते का, एवढा साधा ताळाही अनेक जण करत नाहीत.

'गेटसाठी उपयोगी पडेल.' गेटच्या सिव्हिल पेपरचा मोठा भाग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मूळ विषयांवर असतो. भूकंप अभियांत्रिकीसारख्या विषयाचा त्यात वेगळा विभागही नाही. पण तुमच्या कॉलेजात रेल्वे आणि विमानतळ हा भाग मुख्य विषयांत शिकवलाच नसेल, तर त्याचा इलेक्टिव्ह कामी येईल, कारण रुळांचा कँट आणि धावपट्टीची लांबी गेटमध्ये येते. पर्यावरण अभियांत्रिकी आणि जिओमॅटिक्स यांचे आता स्वतंत्र गेट पेपर आहेत. पर्यावरणाचा २०२१ पासून, जिओमॅटिक्सचा २०२२ पासून. या दोन वाटांनी जायचं असेल तर त्या दिशेचा इलेक्टिव्ह खरोखर उपयोगी आहे. बाकी सिव्हिलचा गेट स्कोर असेल तर एमटेकला कोणती शाखा घ्यायची हे तेव्हाही ठरवता येतं. आज पर्यावरण घेतलं म्हणून उद्या स्ट्रक्चरचं दार बंद होत नाही.

फॉर्म भरण्याआधीची पाच कामं

१. सिलॅबस उघडा. नाव नको, आतले पाच-सहा युनिट वाचा. 'अॅडव्हान्स्ड' या शब्दाखाली कधी नवं काही असतं, तर कधी तिसऱ्या वर्षाचीच उजळणी. मागच्या दोन-तीन परीक्षांचे पेपर काढून गणितं किती आणि थिअरी किती ते मोजा.

२. पाया तपासा. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट घ्यायचं तर आरसीसी पक्कं हवं. अॅडव्हान्स्ड फाउंडेशन घ्यायचं तर माती यांत्रिकी. तो विषय केटीत अडकलेला असेल तर शेवटच्या वर्षात दुप्पट ओझं होईल.

३. शिकवणारे कोण, ते विचारा. सीनियर्सना 'सोपं आहे का?' असं विचारू नका. 'वर्गात काय केलंत? एखादी साईट, एखादा कोड, एखादा खरा रिपोर्ट हाताळलात का?' असं विचारा. मन लावून शिकवणाऱ्या सरांचा किंवा मॅडमचा दुसऱ्या पसंतीचा विषय, रडतखडत चालणाऱ्या पहिल्या पसंतीपेक्षा जास्त देऊन जातो.

४. प्रोजेक्टशी जोडा. निदान एक इलेक्टिव्ह आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट एकाच दिशेचे असू द्या. पूररेषेवर प्रोजेक्ट आणि सोबत जलविज्ञानाचा इलेक्टिव्ह असेल, तर एकाच वाचनात दोन्हींची तयारी होते. मुलाखतीत बोलायलाही सलग गोष्ट मिळते.

५. एक दिवस प्रत्यक्ष बघा. माती तपासणारी प्रयोगशाळा, आरएमसी प्लांट, पाण्याची टाकी, नगरपालिकेचं बांधकाम खातं, ओळखीतल्या कोणाचं डिझाइन ऑफिस. कॉलेजचं पत्र घेऊन गेलात तर बरेच लोक दोन तास देतात. मोठ्या शहरात नसाल तर एनपीटीईएलवर त्या विषयाची पहिली तीन लेक्चर पाहा. ती फुकट आहेत. तिसऱ्या लेक्चरलाही पुढचं बघावंसं वाटलं, तर ती चांगली खूण आहे. तुमच्या कॉलेजात तो विषय नसेल, तर स्वयम् किंवा एनपीटीईएलचा कोर्स इलेक्टिव्ह म्हणून धरतात का, हे विभागात विचारून घ्या.

सहा दिवसांतला एकही ठामपणे 'माझा' वाटला नाही, तर? तेही चालेल. मग एक डिझाइनचा, एक साईटचा किंवा व्यवस्थापनाचा आणि एक पाण्याचा किंवा पर्यावरणाचा, असे वेगवेगळे घ्या. ज्याला अजून ठरवायचं आहे त्याने तीन दारं उघडून पाहणं शहाणपणाचं.

आई-बाबांनो, हे तुमच्यासाठी

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला की नागपूरला, घरात एक प्रश्न हमखास येतो. 'सरकारी नोकरीला याचा उपयोग आहे का?' राज्यांच्या अभियांत्रिकी सेवा, कनिष्ठ अभियंता, यूपीएससीची अभियांत्रिकी सेवा, या परीक्षांत मूळ सिव्हिल विचारलं जातं. इलेक्टिव्ह कोणताही असला तरी अर्ज करता येतो आणि अभ्यास वेगळा करावाच लागतो. म्हणून या एका कारणासाठी मुलाचा आवडता विषय मोडू नका.

दुसरा प्रश्न मुलींच्या घरी येतो. 'साईटवर कशाला? डिझाइन घे, ऑफिसात बस.' काळजी खरी आहे, ती मी हसण्यावारी नेणार नाही. पण शकुंतला भगत १९५३ मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. भारतातल्या पहिल्या महिला सिव्हिल इंजिनिअर म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे त्यांनी पतीसोबत क्वाड्रिकॉन ही कंपनी काढली आणि सुटे भाग जोडून उभारायचे पोलादी पूल केले. त्यातले सुरुवातीचे दोन १९७२ मध्ये हिमाचलमधल्या स्पितीत उभे राहिले. तेव्हा तिथवर जाणं आजच्याइतकं सोपं नव्हतं.

काळजी वाटते तर ती नेमक्या प्रश्नांत मांडा. साईट कुठे आहे? जायची-यायची सोय काय? स्वच्छतागृह आहे का? राहायची व्यवस्था कोण करतं? आणखी महिला इंजिनिअर आहेत का? हे प्रश्न नोकरी घेताना कंपनीला विचारायचे असतात. त्यांची उत्तरं मिळायच्या आधीच मुलीचा विषय बदलून टाकला, तर तिला काय जमलं असतं हे तिलाही कळत नाही आणि तुम्हालाही.

एक सोपं काम तुम्ही करू शकता. आज रात्री जेवताना विचारा, 'तुझ्या फॉर्मवर कुठले विषय आहेत? त्यात नक्की काय करतात?' मुलाला किंवा मुलीला एखाद्या विषयाबद्दल साध्या मराठीत चार वाक्यं सांगता आली आणि सांगताना डोळे चमकले, तर तुम्हाला कौल मिळाला. सांगताच आलं नाही, तर अजून सिलॅबस उघडलेला नाही, एवढं नक्की.

आणि तुम्ही, फॉर्म भरणारे. अजून काही वर्षांनी कोणी तरी तुमच्या पुलावरून एसटीने गावी जाईल, तुमच्या टाकीतलं पाणी बाळाच्या बाटलीत भरेल, तुम्ही सही केलेल्या इमारतीत निर्धास्त झोपेल. त्यांना तुमचा इलेक्टिव्ह कोणता होता हे कधीच कळणार नाही. पण तुम्ही ते काम मनापासून शिकला होतात की रेटून नेलं होतंत, याचा फरक त्यांना पडेल. तेव्हा मुदत संपायच्या आत सिलॅबसची पीडीएफ उघडा, एका सीनियरला फोन करा आणि दोन्ही पसंत्या विचार करून भरा.